सस्तन प्राण्यांचा डबा : 320 रुपये, आणि दुधाचा रकानाच नाही

नातीचा, ओवीचा, दहावा वाढदिवस होता. सूनबाईनं आधीच बजावलं होतं, "बाबा, प्लास्टिकचं काही आणू नका, घरात पाय ठेवायला जागा नाही." म्हणून नागपूरच्या सीताबर्डी बाजारात जाऊन हा पत्त्यांचा डबा घेतला. 48 पत्ते, चार कोरे पत्ते, सोळा पानांची पुस्तिका, सगळं मराठीत. छापील किंमत 380, घासाघीस करून 320. दुकानदार म्हणाला, "घेऊन जा ना काका, पोट्टे मोबाइल ठेवून देतात." तसं काही झालं नाही, पण ते पुढे येईल. कंपनीचं नाव लिहीत नाही. झाकणावर वाघ आणि झेब्रा एकाच पाणवठ्यावर शेजारी शेजारी पाणी पिताना दाखवलेत, तेवढ्यावरून दुकानात ओळखू येईल.

मी पशुसंवर्धन खात्यात तेहेतीस वर्षं पशुधन पर्यवेक्षक होतो. काटोल, हिंगणा, उमरेड, शेवटी कुही. लोक डॉक्टरसाहेब म्हणायचे, मी डॉक्टर नाही. पण 'सस्तन' या शब्दातल्या स्तनाशी माझा रोजचा संबंध. कासेला हात लावून दगडी, म्हणजे कासेची सूज, झाली की नाही ते सांगणं, चार सडांपैकी कोणता बसला, म्हणजे कशातून दूध बंद झालं, ते पाहणं, यातच नोकरी गेली. त्यामुळे डबा उघडल्यावर मी मुलांच्या नजरेनं बघू शकलो नाही हे कबूल करतो.

पुस्तिकेचं पहिलंच वाक्य असं : 'जे पिल्लांना जन्म देतात आणि दूध पाजतात ते सस्तन प्राणी.' यातलं दुसरं बरोबर, पहिलं उगाच. पिल्लं तर घोणससुद्धा देते. धुऱ्यावर घोणस मारली आणि पोटातून वळवळणारी पिल्लं निघाली, हे बघितलेले शेतकरी आपल्याकडे कितीतरी. विंचूही पिल्लंच देतो आणि पाठीवर घेऊन फिरतो. म्हणून ते काही सस्तन होत नाहीत. उलट बदकासारख्या चोचीचा प्लॅटिपस अंडी घालतो आणि तरी सस्तन आहे, कारण अंड्यातून निघालेल्या पिल्लाला तो दूध देतो. तो म्हणजे अर्थात ती. सड नसतातच तिला, पोटाच्या कातडीवर दूध पाझरतं आणि पिल्लं केसांतून चाटून घेतात. आता पत्त्यावर काय छापलंय? 'प्लॅटिपस : अर्धा सस्तन प्राणी.'

ओवीनं लगेच विचारलं, "आबा, कोणता अर्धा?"

मी स्केचपेन घेतला आणि 'अर्धा' खोडलं. डब्याची दुरुस्ती तिथून सुरू झाली.

अंडी घालणारे सस्तन आज जगात फक्त पाच जाती उरलेत : एक प्लॅटिपस आणि चार जातींचे काटेरी एकिडना. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी, बस. दुसरा गट पोटाला पिशवी असलेल्यांचा : कांगारू, कोआला, आणि अमेरिकेतले ऑपॉसम. तिसरा गट आपला, म्हणजे वारवाल्यांचा; वार म्हणजे पिल्लाला पोटात पोसणारा अवयव. पुस्तकात 'अपरा' म्हणतात. मला वार जास्त जवळची, कारण गाय व्याली आणि बारा तासांत वार पडली नाही की रात्री दार वाजायचं. त्या वारीवर बटणांसारखे गोळे असतात, सत्तर-ऐंशी, कधी शंभराच्या वर, आणि प्रत्येक गोळा गर्भाशयाच्या तसल्याच गोळ्यात घट्ट बसलेला. वासरू नऊ महिने नऊ दिवस या बटणांवर जगतं. म्हशीचं दहा महिने दहा दिवस. लाल कांगारूचं पिल्लू 33 दिवसांतच बाहेर येतं, राजम्याच्या दाण्याएवढं, एक ग्रॅमही भरत नाही, आणि आईच्या केसांना धरून स्वतःच पिशवीत चढतं. बाकीची वाढ दुधावर. वारवाल्यांनी जे काम वारेकडून करून घेतलं, ते पिशवीवाल्यांनी बहुतेक दुधाकडून करून घेतलं, इतका सरळ फरक आहे. पुस्तिकेत या तिन्ही गटांना मिळून अर्धं पान आहे. 'प्राणी आणि त्यांचे रंग' याला दोन पानं.

आता मोठी तक्रार. पत्त्यांचे चार रंग आहेत : हिरवा जमिनीवरच्यांचा, निळा पाण्यातल्यांचा, पिवळा झाडावरच्यांचा, राखाडी हवेतल्यांचा. हे म्हणजे लोकांची नाती ते कोणत्या मोहल्ल्यात राहतात यावरून ठरवण्यासारखं आहे. निळ्यात देवमासा, सील, पाणघोडा, ऊद सगळे एका गठ्ठ्यात. त्यातला ऊद हा कुत्र्या-अस्वलाकडचा, मांसाहारी गणातला. सीलही तिकडचाच. पाणघोडा घोड्याचा कोणी नाही, तो समखुरी, म्हणजे सम संख्येच्या खुरांचा, आणि त्याचं सगळ्यात जवळचं जिवंत नातं कोणाशी, तर देवमाशाशी. मग हे दोघे जाऊन बसतात गाय, हरीण, उंट, डुकराच्या पंक्तीला. मला स्वतःला हे निवृत्तीनंतर कळलं आणि दोन दिवस पटलं नाही. पण 2007 साली काश्मीरकडच्या एका छोट्या खूरवाल्या प्राण्याच्या हाडांवरचा अभ्यास आला, इंडोह्युस त्याचं नाव, मांजराएवढं जनावर. त्याच्या कानाचं हाड देवमाशाच्या वळणाचं निघालं. म्हणजे देवमाशाचे पूर्वज खुरांवर चालत आपल्याच उपखंडात पाण्यात उतरले.

तर मी आणि ओवीनं गादीवर सगळे पत्ते पसरले आणि रंग विसरून नव्यानं मांडले. डब्यातला सगळ्यात चांगला खेळ हाच, आणि तो पुस्तिकेत दिलेला नाही.

पहिली अडली चिचुंद्री. पत्त्यावर 'उंदराचा एक प्रकार'. नागपुरात राहून चिचुंद्री पाहिली नाही असं घर नसेल. पावसाळ्यात भिंतीच्या कडेनं चिक् चिक् करत पळते आणि मागे तो वास सोडते. ती उंदीर नाही. उंदराचे पुढचे दोन-दोन दात पटाशीसारखे, जन्मभर वाढणारे, म्हणून त्याला सतत काहीतरी कुरतडावं लागतं. चिचुंद्रीचं तोंड लांब सोंडेसारखं आणि दात बारीक, टोकदार, झुरळं-किडे फोडायचे. ती तुमचं धान्य खात नाही. झुरळं खाते. आमची ही चाळीस वर्षं तिच्यामागे झाडू घेऊन धावत आली, हे ऐकून म्हणाली, "वास तर तिचाच आहे ना?" त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

ससाही उंदरांच्या रांगेतून काढला. त्याच्या वरच्या पटाशीच्या दातांमागे आणखी दोन बारकेसे दात लपलेले असतात, म्हणून त्याचा गण वेगळा. खार मात्र कृंतकांतच, म्हणजे कुरतडणाऱ्यांतच, राहिली, साळिंदरही. साळिंदराचे काटे म्हणजे कडक झालेले केसच. केस हे दुधासारखंच सस्तनांचं पक्कं चिन्ह. देवमाशाचं अंग गुळगुळीत वाटतं खरं, पण कुबड असलेल्या देवमाशाच्या थोबाडावर जे गोळे दिसतात, त्या प्रत्येकात एकेक केस असतो.

मग खवल्या मांजर. पत्ता वाघ-बिबट्याच्या रांगेत, का तर नावात मांजर. अहो, त्याला दातच नाहीत! लांब जिभेनं मुंग्या-वाळवी चाटून खातो, आणि अंगावरची खवलं आपल्या नखांच्याच जातीच्या केराटिनची. त्याचा गणच निराळा. नुसत्या त्या खवल्यांसाठी विदर्भाच्या जंगलातही त्याची चोरटी शिकार होते. पुस्तिकेत त्याबद्दल एक ओळ असायला हवी होती.

रोह्याच्या पत्त्यावर नाव 'नीलगाय', खाली 'गायीची जंगली बहीण'. कुहीकडच्या तुरीच्या शेतात रात्रभर डबा बडवत बसणाऱ्या माणसाला हे ऐकवून पाहा. गायीच्या कुळातलाच आहे, ते मान्य, पण कुळ मोठं आहे. त्याचा खरा सख्खा चौसिंगा, जो पेंच-ताडोब्यात नशीब असेल तर दिसतो.

सगळ्यात जास्त राग आला गायीच्या पत्त्याचा. चित्रातली गाय हसतेय, आणि वरच्या जबड्यात पुढचे पांढरे शुभ्र दात! गायीला वरचे पुढचे दात नसतात. नसतातच. वर नुसती कडक गादी असते, खाली आठ दात, आणि जिभेनं गवत गुंडाळून त्या गादीवर दाबून तोडते. बैलबाजारात व्यापारी ओठ उचलून काय बघतो? खालचे दात. दुधाचे सगळे असतील तर अदात, मधले दोन पक्के आले की दोनदाती, मग चारदाती, सहादाती, आणि साधारण चार-साडेचार वर्षांना आठही आले की जुळला. बहुतेक सस्तनांचे दात आयुष्यात दोनदाच येतात, एकदा दुधाचे आणि एकदा पक्के, म्हणून तर हे गणित जमतं. मगरीचे दात मरेपर्यंत पडत-उगवत राहतात, तिचा ओठ उचलून वय कळणार नाही. उचलूही नये. ओवीला आरसा आणून स्वतःचे दाखवले : पटाशीचे वेगळे, सुळे वेगळे, दाढा वेगळ्या. एकाच तोंडात इतक्या प्रकारची हत्यारं हीसुद्धा आपल्याच वर्गाची खूण. अस्वलाच्या पत्त्यावर मी पेन्सिलनं लिहून ठेवलं, 'वरचे मधले दोन दात नाहीत, त्या फटीतून वाळवी ओढतो.' मोहाची फुलं खातो हेही लिहिलं. मांसाहारी गणातला म्हणून त्याला मांसच लागतं असं नाही.

चांगलं काय आहे तेही सांगतो, नाहीतर म्हाताऱ्याला नुसतं चुकाच काढता येतात असं व्हायचं. पुस्तिकेचं अकरावं पान फार उत्तम आहे. कानातली तीन हाडं, हातोडी, ऐरण आणि रिकीब, मोठी करून काढलीत, शेजारी तांदळाचा दाणा मापाला. आणि खाली लिहिलंय की सरड्याच्या कानात असं एकच हाड असतं; आपली दुसरी दोन पूर्वजांच्या जबड्याच्या सांध्यातून सरकत कानात आली. म्हणून आपल्या खालच्या जबड्याला प्रत्येक बाजूला एकच हाड उरलं. हे खरं आहे आणि हे मुलांच्या पुस्तिकेत कोणी इतकं सोपं लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. ज्यानं हे पान लिहिलं त्यानं पहिलं पान लिहिलेलं नाही, मी पैज लावतो.

मानेच्या मणक्यांचंही बरोबर आहे : जिराफाला सात, उंदराला सात. फक्त 'सर्व सस्तनांना' म्हटलंय तिथे मी 'बहुतेक' केलं, कारण झाडाला लटकणारा स्लॉथ आणि पाण्यातली मॅनेटी हा नियम ऐकत नाहीत. श्वासपटलाला मात्र एकच ओळ दिलीय, 'श्वासासाठी उपयोगी.' छाती आणि पोट यांच्यामधला हा मांसाचा पडदा सस्तनांची खास चीज आहे, आणि त्याची जाडी किती कमी हे मला हिंगण्याच्या एका गायीनं शिकवलं. कुटारातून, म्हणजे भुशातून, बारीक तार गिळली होती तिनं. गायीच्या पोटाच्या चार कप्प्यांपैकी जाळीदार कप्पा अगदी पडद्याला टेकून असतो, आणि पडद्याच्या पलीकडे काळीज. तार पोट हलेल तशी पुढे सरकत गेली, पडदा भेदून हृदयाच्या पिशवीत घुसली. गाय कोपर बाहेर काढून उभी राहायची, उतारावर पाय टाकायची नाही. मालकाला वाटलं अपचन. शवविच्छेदनात ती तार मी स्वतः काढली, बोटाएवढी होती.

ही गोष्ट ओवीला सांगितली तर सूनबाई स्वयंपाकघरातून ओरडली, "बाबा, ती जेवून राहिली आहे!"

शरीराच्या तापमानाचा रकाना आहे, तो ठीक. गाय 38.5 अंश, माणूस 37, प्लॅटिपस 32. पण मे महिन्यात नागपूरला 45 अंश झाले तरी आतलं तापमान जागेवर ठेवायला जनावर काय काय करतं, ते नाही. म्हशीची कातडी काळी आणि घामाच्या ग्रंथी कमी, म्हणून ती डबक्यात बसते. लोक तिला आळशी म्हणतात.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी एक तारा पूर्ण कापलाय. प्रत्येक पत्त्यावर वजन, लांबी, वेग, आयुष्य, तापमान, एका वेळी पिल्लं असे सहा रकाने आहेत. दूध नाही! ज्या वर्गाचं नावच दुधावरून पडलं, त्याच्या 48 पत्त्यांत दुधाचा एक आकडा नाही. 1758 मध्ये लिनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञानं 'चतुष्पाद' हे जुनं नाव टाकून स्तनांवरून नवं नाव दिलं, तेव्हाच वटवाघळं आणि देवमासे एका छपराखाली नीट आले. देवमाशाला त्याआधी तोही मासाच म्हणायचा. आपण मराठीत अजून देवमासाच म्हणतो, ते असो.

म्हणून सातवा रकाना मी भरला, फॅटचा. डेअरीवर शेकड्यानं मोजतात तसा. गाय 4, म्हैस 7, माणूस 4. देवमासा 30 ते 50. हूडेड सील नावाचा एक सील आहे, बर्फावर पिल्लू घालतो आणि फक्त चार दिवस पाजतो, पण त्या दुधात फॅट 60 च्या आसपास. काळ्या गेंड्याच्या दुधात जवळपास काहीच नाही, डेअरीवाला परत पाठवेल. सशीण दिवसातून एकदा, तेही चार-पाच मिनिटं पाजते आणि निघून जाते. सड कुठे आणि किती, हेही लिहिलं : गायीला मागच्या पायांत चार, शेळीला दोन, डुकरिणीला बारा-चौदा, पण हत्तिणीला पुढच्या पायांच्या मध्ये दोन, आणि वटवाघळीला छातीवर. ओवीला हत्तीचं खोटं वाटलं. मग तिला व्हिडिओ दाखवावा लागला, म्हणजे मोबाइल परत हातात आलाच.

आणि चीक. पहिल्या दिवसाचं दूध. गायीच्या वारेतून रोगाशी लढणारी द्रव्यं वासरात जात नाहीत; माणसाच्या बाळाला काही पोटातच मिळतात, वासराला शून्य. जे मिळायचं ते चिकातून, आणि तेही पहिल्या काही तासांत, नंतर आतडं ते आत घेत नाही. तेहेतीस वर्षं मी गोठ्यागोठ्यात हेच सांगत फिरलो, आधी वासराला पोटभर, मग तुमचा खरवस. खरवस मलाही आवडतो.

खेळ म्हणून डबा कसा आहे? मध्यम. ज्याच्या हातात निळा देवमासा आला तो वजनात आणि लांबीत जिंकतच जातो. आयुष्यात बोहेड देवमासा, दोनशे वर्षांच्या वर. दुपारभरात मुलांना पाठ होतं आणि मजा जाते. फॅटचा रकाना आल्यापासून सीलचा पत्ता पळवापळवीचा झालाय, शेजारची दोन पोरंही आता रविवारी त्यासाठी येतात. शिवाय 48 मध्ये कृंतक चारच आणि वटवाघूळ एक. जगातल्या साडेसहा हजारांच्या आसपास जातींत निम्म्याहून जास्त याच दोन गणांच्या आहेत. वाघ-सिंह-चित्ता-बिबट्या-जॅग्वार असे पाच मात्र घेतलेत, विकायला बरे.

पत्ते जाड आहेत, चहा सांडला तरी पुसले गेले. डब्याचं झाकण आठवड्यात फाटलं, रबर लावलंय. पुस्तिकेवरच्या नंबरवर फोन केला, गायीचे दात सांगितले. मुलगी अदबीनं बोलली, "सर, पुढच्या आवृत्तीत बघू." पाचपैकी साडेतीन तारे, त्यातला एक अकराव्या पानाचा. आठ वर्षांवरच्या मुलांना घ्या, पण शेजारी बसणारं कोणी हवं. आणि पत्ते कळले की त्यांना एकदा नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे संग्रहालयात, किंवा महाराजबागेच्या प्राणिसंग्रहालयात घेऊन जा, खरे केस आणि खरे दात बघायला.

कोरे पत्ते चार. डब्यात माणूसच नाही, हे ओवीच्याच लक्षात आलं. तिनं एकावर आईचं चित्र काढलं : एका वेळी पिल्लं 1, तापमान 37, वेग 'शाळेची बस आली की जास्त', वजनाचा रकाना रिकामा, कारण आईनं लिहू दिला नाही. दुसऱ्यावर चिचुंद्रीचं योग्य चित्र. तिसऱ्यावर मी आपली गवळाऊ गाय काढली, ती बरी जमली. चौथ्यावर नागपुरी म्हैस घेतली. तिची तलवारीसारखी लांब शिंगं मागे खांद्यापर्यंत जातात, ती पत्त्यात मावेनात, म्हणून टोकं पत्त्याच्या मागच्या बाजूला काढावी लागली. आता तो पत्ता पालथा असला तरी सगळ्यांना ओळखू येतो, त्यामुळे खेळातून बाद केलाय.